बाईंची बोटे, माझे डोळे

माझ्या डोळ्यांची एक चूक बाईंच्या नावावर गेली आणि मी ती तिथेच राहू दिली. हे मी आजवर कुणाला, अगदी घरीही, सांगितले नव्हते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. फोर्टमधल्या एका विमा कचेरीत मी कार्डे पंच करीत असे. अर्जांवरचे आकडे वाचायचे आणि यंत्राच्या कळा दाबून ते कार्डांवर भोकांच्या रूपाने उतरवायचे. मग अर्ज आणि कार्डे शेजारच्या टेबलावर, बाईंकडे जात. त्या तेच अर्ज पुन्हा स्वतः वाचून त्याच कळा दाबत. भोक आणि कळ जुळली नाही की त्यांचे यंत्र अडे, लाल दिवा लागे. दोघांनाही रोजचा कोटा ठरलेला होता आणि दोघेही अजून हंगामी होतो.

बाई घोडपदेवच्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. दिवा लागला की मान वर न करता म्हणत, "गिरगाववाले, काल भजनात जागलात वाटतं!" आणि चुकलेले कार्ड हळूच माझ्याकडे सरकवीत. कार्डांतून पडणारे कागदाचे बारीक कण सर्वांच्या केसांत अडकत. अंबाडा झटकीत त्या सांगत, "आमचे हे रोज विचारतात, आज कुणाच्या लग्नाच्या अक्षता घेऊन आलीस?"

एकदा मोर्च्यामुळे ट्राम बंद पडल्या. बाई घोडपदेवहून चालत, दुपार कलल्यावर पोहोचल्या. चपलेचा अंगठा तुटलेला, पदर घामाने भिजलेला. साहेब म्हणाले, "मोर्चा रस्त्यावर आहे, कोटा इथेच आहे." कायम करावयाच्या माणसांची नावे त्याच आठवड्यात वर जायची होती. त्यात बाईंचे नाव असावे, असे मला मनापासून वाटत होते.

माझे काम आटोपत आले होते. मी म्हटले, "अर्ज मी वाचतो, तुम्ही नुसत्या कळा दाबा."

"नियमात बसत नाही हो ते."

"कोट्यात बसतं ना?"

त्या हसल्या. मी वाचीत गेलो आणि माझ्या आवाजावर त्यांची बोटे धावू लागली. यंत्र जवळजवळ अडलेच नाही. संध्याकाळ व्हायच्या आत त्यांचा ट्रे रिकामा झाला. कुणाबरोबर काम करण्याचा तेवढा आनंद मला पुन्हा क्वचितच मिळाला.

परंतु अर्ज भरून पाठवणाऱ्या एका एजंटाच्या अक्षरातला सात थेट एकासारखा दिसे. पंच करताना मी तो एक वाचला होता आणि बाईंना वाचून दाखवतानाही एकच वाचला. दिवा लागणार तरी कसा? त्याच्या अर्जांचा सबंध गठ्ठा चुकीचा गेला.

चूक उघडकीस आली तेव्हा साहेबांनी दोघांना बोलावले. पंच करणारा चुकतो, म्हणून तर तपासणारा नेमलेला असतो, असे त्यांचे म्हणणे होते. "बाई, अर्ज तुम्ही स्वतः वाचलेत?"

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले. मी खाली पाहत होतो.

"हो," त्या म्हणाल्या.

मी कायम झालो. बाईंचे नाव वगळले गेले. पुढची यादी निघायला फार काळ गेला आणि ज्येष्ठतेत त्या नेहमीच माझ्या मागे राहिल्या. तरी मी कायम झालो त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच मला विचारले, "पेढे कुठायत?" मी आणलेला पेढा त्यांनी आनंदाने खाल्ला. रागावल्या असत्या तर मला बोलणे सोपे गेले असते, असे मी वर्षानुवर्षे स्वतःला समजावीत आलो. ती केवळ पळवाट होती.

गेल्या महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात मी त्यांच्याविषयी चांगले भाषण केले आणि त्या भाषणाचीच मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी घोडपदेवला त्यांच्या चाळीत गेलो. दारातच त्या म्हणाल्या, "या गिरगाववाले! घर नेमकं सापडलं की चार दारं वाजवलीत?"

मी बसलो नाही. उभ्यानेच बोललो, "बाई, तो सात मी एक वाचला होता. साहेबांनी तुम्हांला विचारलं, तेव्हा उत्तर मी द्यायला हवं होतं. मी गप्प राहिलो. माझं चुकलं. मला क्षमा करा."