दारातल्या चपला

"ये की एकदा घरी" असं कुणी म्हटलं, की महानंदा पिशवीतून छोटी वही काढायची, पेनाचं टोपण उघडायची आणि विचारायची, "कोणत्या दिवशी? किती वाजता?" समोरचा माणूस गडबडायचा. "अगं, कधीपण ये, घर काय तुला परकं आहे?" म्हणून सटकायचा. मग महानंदा वहीत त्याचं नाव लिहायची आणि पुढे लिहायची, 'दिवस सांगितला नाही.' तुळजापुरात आमच्या लॅबमध्ये लागल्यावर महिन्याभरातच एक पान अशा नावांनी भरलं. सगळे हसायचे. मला मात्र आज त्या पानावरच्या एकेकाला धरून विचारावंसं वाटतं, की दिवस सांगायला तुमच्या अंगाला काय भोकं पडत होती? नसेल बोलवायचं तर बोलवू नका. त्या पानावर माझंही नाव होतं, म्हणून आधी मलाच विचारते.

महानंदा माकणी गावची, इथं मावशीकडे राहायची. वय चोवीस, माझ्याएवढंच. ती टेक्निशियन, मी रिपोर्ट टाइप करणारी आणि रक्त घ्यायला सरोजताई. पहिल्याच दिवशी तिनं आम्हा दोघींना सांगून टाकलं, "मला ऑटिझम आहे. चेहऱ्यावरून माणसाच्या मनातलं मला ओळखता येत नाही. तुम्हाला राग आला तर तोंडानं सांगा. आणि मला मैत्रीण हवी आहे." बोलणं पुस्तकातल्यासारखं. आई-मावशी अस्सल गावरान बोलत असताना हिनं सगळी भाषा पुस्तकांतून उचललेली. सरोजताई माझ्या कानाशी लागल्या, "डोक्यानं जरा कमी हाय वाटतं." ही कमी डोक्याची पोरगी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली की दिवसभर हलत नसे आणि तिची मोजणी कधी चुकत नसे. नवरात्रात रस्ता संबळ-हलगीनं दणाणला, की लॅबमधलाच कापूस कानात घालून पुढची स्लाइड घ्यायची.

संक्रांतीनंतर सरोजताईंनी हळदीकुंकवाला बोलावलं. "सगळ्याजणी या बरं का, शुक्कीरवारी चारला." दिवस मिळाला, वेळ मिळाली. महानंदा इतकी खूश, की तिनं वहीतली ती नोंद मला दोनदा दाखवली. ठरल्या दिवशी ती चारला गेली आणि रात्री आठला उठली. वाण घेऊन, तिळगूळ तोंडात टाकून पाच मिनिटांत निघायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरोजताईंनी तिची नक्कल करून दाखवली. हात मांडीवर, नजर भिंतीवर, चार तास. मीही हसले. ते बघतच महानंदा आत आली आणि तिनं शांतपणे विचारलं, "मी किती वेळ बसायचं होतं?"

"अगं, बस की तू हवं तेवढं. घर तुझंच हाय," सरोजताई म्हणाल्या.

"मग तुम्ही हसत का होता?"

सरोजताईंनी कपाळाला हात लावला. "बया, हिच्याशी बोलावं तरी काय?" खरं बोलायचं होतं, दुसरं काय? एका वाक्यात नियम सांगून झालं असतं. पण आमच्या पोटात एक आणि ओठांवर एक, आणि ते जिला उमगत नाही ती म्हणे अवघड.

तिची माझी ओळख वाढली ती माझ्याच चुकीनं. मी दोन पेशंटच्या ट्यूबांवर एकमेकांची नावं चिकटवली होती. एकाचा मागचा रिपोर्ट तिच्या लक्षात होता, म्हणून तिला ते कळलं. "ही चूक तुझी आहे," ती म्हणाली. "सरांना तू सांग. मी शेजारी उभी राहते." लॅबचे मालक, आमचे सर, ओरडायला लागले की त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा आणि मोठा आवाज तिला अजिबात सोसायचा नाही. ती दोन्ही कानांवर हात दाबून, डोळे मिटून उभी राहिली, पण सर थांबेपर्यंत माझ्या शेजारून हलली नाही. एवढं माझ्यासाठी आजवर कुणी केलेलं नाही. त्या संध्याकाळी मी तिला मनापासून म्हटलं, "येत्या रविवारी पाच वाजता माझ्या घरी ये."

"किती वेळ बसायचं?"

"सातपर्यंत."

तिनं तेही लिहून घेतलं.

रविवारी सकाळी निरोप आला, की मला बघायला पाहुणे आजच येणार, पाचच्या सुमाराला. मी महानंदाला फोन केला नाही. 'आज नको, पाहुणे आहेत' एवढंच सांगायचं होतं. तिला काहीही वाटलं नसतं. पण तिला वाईट वाटेल, असं स्वतःला सांगत मी टाळत राहिले. खरं म्हणजे वाईट दिसायचं नव्हतं मला.

आई म्हणाली, "त्या पोरीला आज आत घिऊ नगं. पाहुण्यांपुढं कायबी बोलंल." मी मान डोलावली.

ती बरोबर पाचला आली. मी आत पोह्यांच्या बश्या भरत होते आणि दारातलं सगळं ऐकू येत होतं.

"शुभांगी न्हाय बाई घरात. सोलापूरला गेली."

"तिच्या चपला इथं आहेत."

"दुसऱ्या घालून गेली असंल."

"तिच्याकडे दुसऱ्या नाहीत. ठीक आहे, मी सातपर्यंत थांबते. तसं ठरलं आहे."

ती पायरीवर बसली. मुलाच्या आईनं विचारलं, "बाहेर कोण बसलीया ती?" आई म्हणाली, "शेजारची हाय." मी खाली मान घालून पोहे फिरवले. पाहुणे 'कळवतो' म्हणून गेले. सात वाजता महानंदा उठली आणि आणलेला डबा माझ्या चपलांशेजारी ठेवून गेली. शेंगांच्या पोळ्या होत्या, दाणे-गूळ भरलेल्या. पाहुण्यांचं कळवणं अजून यायचंय. 'कळवतो' म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं, तरी तीन आठवडे मी फोनकडे बघत होते.

सोमवारी ती माझ्या टेबलापाशी आली. "काल तू घरी होतीस. खोटं का सांगितलं, ते सांग. नियम कळला तर पुढच्या वेळी माझी चूक होणार नाही."

तिची चूक. मी तिथंच खरं बोलले असते तर आज हे लिहायला बसले नसते. मी म्हणाले, "अगं, खरंच गेले होते मी सोलापूरला."

तिनं खाली माझ्या पायांकडे पाहिलं, चपला तिला दिसल्या आणि ती जागेवर जाऊन बसली. त्यानंतर ती वही कधी पिशवीतून बाहेर आली नाही. महिनाअखेरीस नोकरी सोडून ती माकणीला गेली.

"बरं झालं बाई," सरोजताई म्हणाल्या. "लई अवघड पोरगी." माझं टाळकं सरकलं. तुम्ही तिचं हसं केलंत, साधं एक वाक्य तुमच्यानं बोलवलं नाही, असं मी त्यांना पेशंटांसमोर सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आन् तुझ्या दारात बसली तवा गं?" तुळजापुरात कुठली गोष्ट झाकून राहते?

उन्हाळ्यात गाड्या बदलत मी माकणीला गेले, माफी मागायला. फोन केला तर नको म्हणेल, म्हणून न सांगताच. इतकं होऊनही मला शहाणपण आलं नव्हतं. तिची आई ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. "या की बाई. लई लांबून आलात," म्हणून तिनं पाणी दिलं आणि कौतुकानं सांगितलं, "आता शेजारची मैत्रीण यील तिची. रोज चारला येती, मिनिट चुकत न्हाय." मी माझं नाव सांगितलं. तिचा चेहरा बदलला. ती आत गेली, थोड्या वेळानं बाहेर आली आणि ज्वारीकडे बघत म्हणाली, "न्हाय बाई ती घरात. धरणाकडं गेली."

उंबऱ्याजवळ महानंदाच्या निळ्या चपला होत्या.

मी काही बोलायच्या आत महानंदाच दारात आली. "आई, खोटं सांगू नकोस," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मी घरी आहे. मला तुला भेटायचं नाही. हे असं सांगायचं असतं, शुभांगी."

ती आत गेली. मी चपला घालून रस्त्याला लागले. समोरून एक मुलगी घाईघाईनं आली, उंबऱ्याशी चपला काढल्या आणि हाक न मारताच आत शिरली. मी मोबाइल बघितला. चार वाजले होते.