उलटी प्रदक्षिणा

आमची गाडी चीं चीं करायची. खारीच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज बॉनेटखालून निघे, आणि वेग वाढला की तोही चढे. मला त्याचं काही नव्हतं. युद्धाआधीची गाडी, एका निवृत्त मुन्सिफाकडून घेतलेली. ती चालली म्हणजे पुरे. पण दर एकादशीला संध्याकाळी मी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिच्यातून मरुदानल्लूरच्या मठात भजनाला नेई, आणि अप्पांचं म्हणणं असं की या आवाजाने त्यांची श्रुती बिघडते.

"त्या चींचींनें माझी श्रुति जाते रे. वाटभर तें कानांत, मग मी काय गाऊं?"

श्रुती म्हणजे गाणारा ज्याला धरून गातो तो सूर. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी कुंभकोणमच्या कोर्टात वकिली करायचो. मला कळायचे ते चेहरे. गेल्या दोन एकादशींना अप्पांनी अभंग उचलला की पेटीवाला पट्ट्या चाचपडत त्यांच्यामागे धावायचा आणि मृदंगवाला मान खाली घालायचा. पहिला अभंग अप्पांनीच म्हणायचा हा त्या मठातला चाळीस वर्षांचा रिवाज. आता कुणीतरी बाजूला घेऊन गोड शब्दांत सांगणार, की यापुढे दुसरे म्हणतील. अप्पा ते ऐकून जगतील कसे, याची मला धास्ती होती. म्हणून दोष गाडीचा आहे हे मी मानलं. मला तेच मानायचं होतं.

मेकॅनिकने कान लावून सांगितलं, आवाज डिस्ट्रिब्यूटरचा, आतला दांडा झिजलाय. इंजिनाला चार सिलिंडर. त्या चार पानांवर पाळीपाळीने ठिणगी वाढणारा हा वाढपी. दुसरा मद्रासहून मागवला. तो आला एकादशीच्या आदल्या दिवशी, आणि नेमका तेव्हाच मेकॅनिक तापाने आडवा झाला. मी म्हटलं, एक बोल्ट आणि मोजून पाच वायरी, चार सिलिंडरांच्या आणि एक मधली. शिकल्यासवरल्या माणसाला एवढं जमू नये?

त्याने अंथरुणातूनच समजावलं. टोपण काढा, आतला काटा कुठे बघतोय ते ध्यानात ठेवा, नव्याचा काटाही तिकडेच बघू द्या. मग टोपणावर गोलाने वायरी लावा: एक, तीन, चार, दोन. मी कागदावर लिहून घेतलं.

सगळं त्याबरहुकूम केलं आणि बटण दाबलं. फट्! बायको हातात पळी घेऊन बाहेर धावत आली. गाडीने दोन लाथा मारल्या, ती खोकली, पुन्हा फट्. मी वायरी काढल्या, मोजल्या, लावल्या. चार वेळा. दर वेळी कागद बरोबर, वायरी बरोबर, आणि फटाका ठरलेला. माझं डोकं पार चक्रावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा अंगवस्त्र घेऊन, टाळ मांडीवर ठेवून ओट्यावर येऊन बसले. त्याचाच मला जास्त राग आला.

मी तणतणत मेकॅनिकचं घर गाठलं.

"कुठल्या बाजूने गेलात, सार?" त्याने तमिळमध्ये विचारलं.

"कुठल्या म्हणजे? जातात त्या बाजूने!"

"प्रदक्षिणा?"

"मग काय!"

ताप असूनही तो हसला. "सार, प्रदक्षिणा देवळात. हा काटा उलटा फिरतो. इथे अप्रदक्षिणा. सांगायचंच राहिलं."

जन्मात मी कशाभोवतीही उलटा फिरलो नव्हतो. असं करता येतं हेच मनात आलं नव्हतं. घरी येऊन दोन वायरींची अदलाबदल केली, आणि गाडी नुसती गुरगुरायला लागली. चीं चीं नाही की काही नाही.

"अस्क बरें झालें," अप्पा म्हणाले. त्यांच्या जुन्या दक्षिणी मराठीत अस्क म्हणजे सगळं. "बेगीन चल."

वाटभर ते ताठ बसले होते. मठात त्यांनी डोळे मिटले, अभंग उचलला, आणि दुसऱ्याच ओळीला पेटीवाला धावू लागला. मी गोंधळलो. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं की माझ्याच दोन वायरी पुन्हा उलट लागल्या असतील. मृदंगवाल्याने मान खाली घातली तेव्हा कुठे मला कळलं, दोष गाडीचा नव्हताच.

परतताना गाडी इतकी गप्प होती की अप्पांचा श्वास ऐकू येत होता. अरसलार नदीचा पूल ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, "तें जुनें टाकून दिल्हास कां?"

"नाहीं, अप्पा. मागें पोत्यांत आहे."

"मग तेंच बसीव."

दिवसभर वाद घालून पोट भरणारा मी. "बसवतों," एवढंच म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी जुना डिस्ट्रिब्यूटर परत बसवला. या वेळी वायरी पहिल्या फटक्यात लागल्या, अप्रदक्षिणा. दोष गाडीचा नाही हे अप्पांना माहीत होतं की नाही, आणि ते मला कळलंय हे त्यांना माहीत होतं की नाही, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

पुढच्या एकादशीला आम्ही चीं चीं करत गेलो. अप्पांचा सूर पुन्हा सुटला. मंडळी पायऱ्यांवर चपला शोधत होती, तेव्हा अप्पा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझ्यावर कडाडले, "अरे, त्या गाडीचें कांहीं करशील कीं नाहीं?"

"करतों, अप्पा," मीही तितक्याच मोठ्याने म्हणालो. "मद्रासेहून पार्टच येत नाहीं अजून."