मोकूफ ठेवण्यात येत आहे

ज्या दिवशी माझ्या टेबलाचे छायाचित्र अनोळखी लोकांच्या मोबाइलवर फिरू लागले, त्या दिवसापासून मी खुर्ची कुंपणाच्या भिंतीला टेकवून बसू लागलो. त्याआधी माझी पाठ रस्त्याकडे असे. सुरतेच्या मामलतदार कचेरीसमोर अर्ज लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी माझा अर्ज भाषेच्या कारणाने परत आल्याचे मला स्मरत नाही. लोक माझ्यासमोर हात जोडून उभे राहतात. माझ्याकडे कुणी रागाने चालत येईल, ही कल्पनाच मला नवी होती.

निमित्त झाले माझ्या मुलीच्या खेळाचे. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी गोडादऱ्यातील आमच्या घराच्या माळ्यावर बसून व्हिडिओ गेम तयार करत होत्या. त्यात लिंबायतच्या गल्ल्यांतून रिक्षा चालवायची असते आणि मागे बसलेली सवारी भाड्यावरून अहिराणीत भांडत असते. त्याचा छोटासा नमुना त्यांनी लोकांना दाखवला आणि धुळे-नंदुरबारपासून पांडेसऱ्यापर्यंतची तरुण मंडळी अक्षरशः वेडी झाली. आपली बोली खेळात ऐकायला मिळणार, म्हणून सारे जाहीर झालेल्या तारखेकडे डोळे लावून बसले.

परंतु रिक्षा गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्यात शिरली, की जमिनीत बुडे. रिक्षा नाहीशी होई आणि सवारी तेवढी हवेत बसून भाडे कमी करा म्हणत राही. मला ते पाहून हसू आले. मुलगी हसली नाही.

"पप्पा, असा खेळ मी कुणाच्या हातात देणार नाही. तारीख पुढे ढकलायची."

सूचना तीन भाषांत द्यायची ठरली. गुजराती आणि हिंदी मजकूर मुलींनी लिहिला. मराठीचा मी मागून घेतला, कारण जाहीर सूचनेला एक वजन लागते. मी लिहिले, 'खेळाची गुणवत्ता सुधारण्याकामी त्याचे प्रकाशन मोकूफ ठेवण्यात येत आहे.' आणि आमच्या धंद्याच्या रीतीप्रमाणे तळाशी 'मजकूर लिहिणार' म्हणून माझे नाव व बैठकीची जागा घातली.

"हे कशाला?" मुलीने विचारले.

"लिहिणाऱ्याने आपली खूण सोडल्याशिवाय कागद हातावेगळा करू नये," मी म्हणालो.

सुरतेत मोकूफ म्हणजे पुढे ढकललेले. सभा मोकूफ, परीक्षा मोकूफ, असे गुजराती वर्तमानपत्रांत नेहमी छापून येते. हा अर्थ माझ्या मराठीत कधी येऊन बसला, ते मला कळलेही नव्हते. तिकडे खानदेशात मात्र मोकूफ म्हणजे बंद, आणि तेही कायमचे.

गुजराती सूचनेखाली लोकांनी लिहिले, "शांतिथी बनावो, बेन." सावकाश बनवा, ताई. मराठी सूचनेखाली मात्र आग लागली.

"मोकूफ म्हणजे काय रे भाऊ?"

"आजोबांना विचारलं. म्हणे, कायमचं बंद."

"बंदच करायचं होतं तर नमुना कशाला दाखवला? आमच्या बोलीवर मोठी व्हायला निघाली!"

"हिचंच तोंड मोकूफ करा आधी."

"गोडादऱ्यात राहते म्हणे. कोणती गल्ली?"

हे शेवटचे वाक्य मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. मुलीने ताबडतोब खुलासा टाकला की खेळ रद्द झालेला नाही, फक्त लांबला आहे. परंतु रागावलेली माणसे खुलासा वाचत नाहीत, हे मी कचेरीच्या दारात रोज पाहतो. त्यातच कुणीतरी माझ्या सूचनेची तळची ओळ वाचली. दुसऱ्याच दिवशी माझे टेबल, माझी छत्री आणि कागदावर वाकलेली माझी मान मोबाइलवर आली. खाली लिहिले होते, 'हा मोकूफवाला. इथे सापडतो.'

छायाचित्र मागून काढलेले होते. म्हणजे कुणीतरी माझ्या पाठीमागे, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ उभे राहून गेले होते आणि मला पत्ता नव्हता.

दिवसाउजेडीही आमच्या दाराची कडी लागू लागली. मुलीच्या मैत्रिणी येईनाशा झाल्या. ती एकटीच माळ्यावर बसून गरनाळ्याची दुरुस्ती करी, आणि बाहेर गाडीचा आवाज झाला की तिची बोटे थांबत.

"शब्द चुकलेला नाही," मी घरात म्हणालो.

"शब्द राहू द्या हो तुमचा," पत्नी म्हणाली. "दार कोण वाजवतंय ते बघा."

दूधवाला होता.

तरीही मी रोज कचेरीवर जात राहिलो. त्यात शौर्य नव्हते. मी घरी बसलो असतो, तर मला शोधणारे घरी आले असते.

एका दुपारी एक मोटारसायकल थेट माझ्या टेबलासमोर थांबली. हेल्मेट न काढताच एक तरुण पुढे आला. त्याचे हात मनगटापर्यंत निळे होते, म्हणजे पांडेसऱ्याच्या रंगाईच्या मिलमधला असावा. मी पेपरवेट मुठीत धरला.

"काका, मोकूफवाला तुम्हीच शेतस का?"

"हो," मी म्हणालो.

"हाऊ खेय रद्द व्हयना का?"

खेळ रद्द झाला का, एवढेच त्याला विचारायचे होते. मी मान हलवली. नाही, तयार होतो आहे.

"मंग तसं लिखा ना, काका!" तो हेल्मेटच्या आत हसला असावा. मग त्याने मोबाइल वर धरून समोरून माझा फोटो घेतला आणि निघून गेला. त्या फोटोखाली तो काय लिहिणार, हे विचारायचे धैर्य मला झाले नाही. आजवर ते मला कळलेले नाही.

मागच्या आठवड्यात मुलगी माळ्यावरून खाली आली. गरनाळे दुरुस्त झाले होते, परंतु आता सवारी उतरली की रिक्षा आपोआप मागे चालू लागे. तारीख पुन्हा पुढे जाणार होती.

"या वेळी मराठी मीच लिहिलंय, पप्पा."

तिने लिहिले होते, 'अजून थोडं थांबा. खेळ येणार आहे.' मजकुराला वजन नव्हते, पण गैरसमजालाही जागा नव्हती. तळची ओळ मात्र गायब होती.

"तुमचं नाव काढलंय. कशाला लोक तुमच्यामागे?"

"घाल परत," मी म्हणालो. "खाली कुणाचेच नाव नसले, तर लोक तुझी गल्ली शोधतील."

मी तिच्याकडून 'मजकूर लिहिणार' लिहून घेतले, नाव व जागा घालून घेतली, आणि पुढे एक वाक्य वाढवले, 'कचेरी उघडल्यापासून बंद होईपर्यंत भेटतील.'

सध्या मी तेवढा वेळ तिथेच असतो. समोर मोटारसायकल थांबली, की लिहिता हात आपोआप पेपरवेटकडे जातो.