नाव घेतलं तरी

जिन्यात फिनेल टाकलं की मला ते डोंगरउतारावरचं प्राणिसंग्रहालय आठवतं. वडील नाशिक रोडला सरकारी नोकरीत होते, आणि त्या वर्षी एलटीसी घेऊन आम्ही हिमालयात गेलो होतो.

वडील मूळचे पेठकडच्या जंगलपट्ट्यातले. तिकडे अंधार पडल्यावर बिबट्याचं नाव काढायचं नाही, 'मोठं जनावर' म्हणायचं. नाव घेतलं की तो येतो. आमच्या क्वार्टरमध्येही त्यांनी हे कसोशीने पाळलं होतं.

चढ चढून आम्ही पिंजऱ्यापाशी पोचलो. फिनेलने धुतलेल्या ओल्या फरशीवर बिबट्या गजांना अंग घासत त्याच त्या फेऱ्या मारत होता. खांद्यावरचे केस झिजून कातडी दिसत होती. वडील बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बिबट्या." पुन्हा, जरा मोठ्याने, "बिबट्या."

त्याने मानही वळवली नाही.

त्यांची भीती गेली, या आनंदात मी हसलो. उतरताना ते म्हणाले, "घ्या आता नाव. काय होत नाय."

एवढ्या वर्षांनी पिंजऱ्यासमोरचा त्यांचा तो आवाज आठवतो, तेव्हा ते त्याला बोलावत होते असंच वाटतं.