मावशीचे पुस्तकांविषयी मत

माझ्या घरमालकिणीइतकं पुस्तकांना मनावर घेणारं माणूस मी उभ्या वर्धा जिल्ह्यात दुसरं पाहिलं नाही. चौऱ्याहत्तर साली सेलूच्या शाळेत मराठी शिकवायला म्हणून मी गेले आणि तिच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. सारा मोहल्ला तिला मावशी म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. मावशी पन्नाशीची, ठेंगणी, आवाजाने खणखणीत आणि चौथी पास. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या खाटेवरची कादंबरी उचलली आणि "आजच्या दिस नेतो" म्हणून जी नेली, ती तेरा दिवसांनी परत आणली. सोबत अभिप्राय होताच. नायिका आजारी पडते आणि चाळीस पानं खिडकीतून आभाळ पाहत झिजत जाते, हे मावशीला अजिबात पटलं नव्हतं. "एवढ्या दिवसात तिले दवाखान्यात काऊन नाई नेलं?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, तो दुःखाचा भाग आहे. ती म्हणाली, दुःख असो, पण घरात तीन धडधाकट माणसं आहेत आणि दारात बैलगाडी उभी आहे, असं लेखकानेच पहिल्या पानावर लिहिलं आहे.

मावशीचं वाचन म्हणजे सगळं वाचन. मुखपृष्ठ, किंमत, प्रकाशकाचा पत्ता, छापखान्याचं नाव, अर्पणपत्रिका, यातलं काहीही तिने कधी सोडलं नाही. दुपारची ओसरीवर बसायची, मांडीवर तुरीच्या डाळीने भरलेलं सूप, गुडघ्याशी पुस्तक, एका हाताने खडे वेचायची आणि दुसऱ्या हाताचं बोट ओळीखालून सरकवत मोठ्याने वाचायची. शुद्धिपत्र असलं तर आधी ते उघडायची आणि पेन्सिलीने एकेक चूक जागच्या जागी दुरुस्त करून मगच कथेला हात घालायची. पुस्तक वाचनालयाचं आहे, त्यात असं लिहू नये, असं मी एकदा म्हणून पाहिलं. तिला ते कळेचना. घाण दिसली की झाडायची, मग ती कोणाच्या का अंगणात असेना, असा तिचा हिशेब.

कथा असो की माहिती, तिच्या लेखी फरक नव्हता. कोंबडीपालनाचं एक पुस्तक तिला फार आवडलं, कारण त्यातला माणूस उगाच रडत नाही. विलायतेच्या प्रवासवर्णनावर मात्र ती चिडली. तिथल्या बागा सांगितल्या, पुतळे सांगितले, पण तिथल्या बाया पाणी कुठून आणतात, याची एक ओळ नाही. एका थोर माणसाचं आत्मचरित्र तिने वाचून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "मायबद्दल दोन पानं अन् भाषनाइबद्दल दोनशे. मानूस मोठा असन, पन घरी काही लक्ष नसन त्याचं." ऐतिहासिक कादंबरीतली लढाई संपली की घोडे किती मेले याची ती चौकशी करी. मी मराठीची पदवीधर, पण असे प्रश्न मला कधी सुचले नव्हते. वर्गात शैली आणि आशय शिकवताना मला मधूनच ती बैलगाडी आठवायची आणि खडू हातातच राहायचा.

काका, म्हणजे तिचे यजमान, शेतातून येत, जेवायला बसत आणि ताटावर रोज मावशीच्या तोंडून एक प्रकरण ऐकत. ते स्वतः वाचत नसत आणि बोलतही फार कमी. एकदा त्यांनी मला गंभीरपणे विचारलं की त्या इंजिनिअराच्या लग्नाचं जमलं का. मला वाटलं, कोणी भाचा-पुतण्या असेल. मी माहीत नाही म्हटलं, तेव्हा ते चकित झाले, कारण ते पुस्तक मीच आणलं होतं.

पण मावशीचा खरा दरबार पिठाच्या चक्कीवर. दळण होईपर्यंत ती बायांना कादंबऱ्या सांगायची आणि सांगता सांगता दुरुस्त करायची. एका कादंबरीतल्या विधवेचं, तिला आवडणाऱ्या डॉक्टराशी, मावशीने सरळ लग्न लावून दिलं. तहसीलमधल्या एका बाबूच्या बायकोने तीच कादंबरी वाचलेली होती. ती म्हणाली की असं काही नाही, ती बाई शेवटी एकटीच राहते. चक्कीवरच्या बायांनी थोडा विचार केला आणि पुस्तक चुकीचं छापलं असणार, असं ठरवलं.

शहात्तरच्या पोळ्यानंतर मी एक जाड कादंबरी आणली. सासरी मार खाणारी मुलगी माहेरी येते, बाप चार लोक काय म्हणतील म्हणून तिला परत पाठवतो, ती पुन्हा येते तेव्हा तो दारच उघडत नाही. मावशीने ती सहा दिवस वाचली. सातव्या दिवशी खुणेचा दोरा शेवटच्या वीस-पंचवीस पानांपाशी ठेवून तिने पुस्तक माझ्या खोलीत आणून दिलं. किंमतसुद्धा न सोडणारी बाई शेवट सोडते, याचं मला नवल वाटलं.

"शेवट वाईट हाय का?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"मंग मले नाई वाचाचा," ती म्हणाली, आणि दाराशीच उंबऱ्यावर बसली. त्या दिवशी मला तिच्या धाकट्या लेकीची, सुमनची, गोष्ट कळली. मी सेलूला येण्याआधीच तिला तळेगावला दिली होती. मी सुटीत गावी गेलेली असताना ती दोनदा पिशवी घेऊन माहेरी आली, दोन्ही वेळा दंडावर वळ होते, आणि दोन्ही वेळा काकांनी समजूत काढून, मावशीने नवं लुगडं देऊन, तिला परत पोचवलं होतं. हे सांगताना मावशी रडली नाही. फक्त म्हणाली, "उद्या आयतवार हाय. माह्यासंगं तळेगावले येता का?"

सकाळी काका ओसरीत वाट अडवून बसले होते. लोक बोलतील, मोठ्या मुलीच्या सासरीही बोलणं जाईल, असं ते खालच्या आवाजात सांगत राहिले. मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लोकायचं मी पाह्यतो. तुमी फक्त दार उघडं ठेवजा." आणि आम्ही निघालो. सेलूहून वर्धा, वर्ध्याहून आर्वीमार्गे तळेगाव. साऱ्या वाटेत ती एसटीतल्या सूचना आणि बाहेरच्या पाट्या मोठ्याने वाचत होती. तिला भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं.

सुमनच्या सासूने चहा केला. मावशीने तो घेतला, कप नीट खाली ठेवला आणि पोरीला घेऊन जाते म्हणून सांगितलं. सासूने किती दिवसांसाठी म्हणून विचारलं. "ते तिचं तिनं ठरवाचं," मावशी म्हणाली. सुमन आतून ऐकत असावी. ती पिशवी घेऊनच बाहेर आली. पिशवी भरायला काही वेळच लागला नाही, इतकं कमी तिच्यापाशी होतं.

सेलूला उतरलो तेव्हा दिवेलागण होत होती. काका दारातच उभे होते. जन्मात चूल न पेटवलेल्या त्या माणसाने आंघोळीचं पाणी तापवून ठेवलं होतं, आणि घरभर धूर झाला होता. लेकीकडे पाहून ते एवढंच म्हणाले, "हातपाय धू, बाई."

लोक बोलले. चक्कीवर मावशी गेली की काही दिवस बाया गप्प होत. तरी ती जायची, डबा रांगेत लावायची आणि कोणी ऐको न ऐको, नवी कादंबरी सुरू करायची. महिन्याभरात सगळ्या ऐकू लागल्या. सुमन शिवणकाम शिकली आणि पुढे अंगणवाडीत लागली. त्या जाड कादंबरीबद्दल मी मावशीला मत विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "पुस्तक चांगलं हाय. पन त्या बापाले कोनीतरी समजावून सांगाले पाह्यजे होतं. एवढ्या मोठ्या पुस्तकात एक मानूस नाई भेटला का?"

ऐंशी साली माझी बदली हिंगणघाटला झाली. सेलू काही लांब नव्हतं, दोन एसट्यांचा प्रवास. उन्हाळ्याच्या सुटीत जाऊ, असं मी पाच उन्हाळे म्हणत राहिले. मग सुमनचं कार्ड आलं, आई गेली म्हणून. अक्षर सुबक होतं. तिने लिहिलं होतं, "शेवटी आईला दिसत नव्हतं, मी पुस्तकं वाचून दाखवत होते. आई तुमची आठवण काढायची."

मी त्याच रविवारी गेले. सुमनने चहा केला. काका ओसरीवर बसले होते, खूप वाळले होते. बराच वेळ आम्ही पिकापाण्याचं बोललो. मग त्यांनी विचारलं, "सध्या काय वाचून राह्यल्या, बाई?"

मी सांगू लागले. ते मान खाली घालून ऐकत राहिले.