दुबईच्या पाटल्या

मी दुबई पाहिली ती सरकीच्या पुण्याईवर. चिखलीला बाजाराच्या रस्त्यावर आमचं कृषी केंद्र. बीटी कपाशीचं बियाणं जोरात खपायचं, त्या दिवसांत बियाण्याच्या कंपन्या दुकानदारांना परदेशाच्या सहली द्यायच्या. ठरलेली पाकिटं विकली की नवरा-बायको विमानात. आमच्या यांनी त्या वर्षी तेवढी विकली. मृगाच्या आधी लोक उन्हात रांग लावून एकच वाण मागत होते, हे देत होते. दुबई पक्की झाली.

पण सहल निघाली थंडीत, आणि तोवर कपाशीची बोंडं गुलाबी अळीने पोखरली होती. रोज कोणी ना कोणी मुठीत बोंडं घेऊन यायचं आणि काउंटरवर फोडून दाखवायचं. "हे पाहा भाऊ, तुमचं बीटी." आत किडका कापूस आणि त्यात आरामात पसरलेली गुलाबी अळी. हे चहा सांगायचे.

"लोकं बोंडं घेऊन येऊन राह्यले, अन मी तिकडं उंटावर बसून फोटो काढू?" असं हे मला म्हणाले. ते कारण घरातलं. बाहेर सांगायला त्यांनी दुसरं कारण शोधून काढलं.

येत्या उन्हाळ्यात नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. मामा म्हणून यांनी भाचीला सोन्याच्या पाटल्या कबूल केल्या होत्या. आमच्या शेजारच्या शिंपीचाचांचा भाऊ सौदीत होता. चाचांनी यांना सांगितलं, की दुबईत सोनं स्वस्त, आणि येताना सरकार पुरुषाला जितकं सोनं विनाकर आणू देतं, त्याच्या दुप्पट बाईला आणू देतं. झालं. यांच्या डोक्यात हिशोब बसला.

"मंग मी काऊन जाऊ?" हे म्हणाले. "माह्या जागी माय जाईल. दोन बाया गेल्या तं जास्त परवडते."

म्हणून दुबईला मी नवऱ्याबरोबर नाही, सासूबरोबर गेले. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. आत्याबाईंचं माहेर वरवट बकाल. लग्न होऊन इकडे आल्या, त्यानंतर माहेर सोडलं तर त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास शेगावपर्यंतचा. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला. "आजी, तुमच्यावर काही गुन्हा?" त्याने विचारलं. "मले काय इचारतं? सुनेले इचार," आत्याबाई म्हणाल्या. त्याने खरंच माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणून पासपोर्ट झाला.

दुबईत आम्ही उंच इमारत पाहिली, नाचणारं कारंजं पाहिलं. आत्याबाईंनी सगळीकडे पदराआडून धपाटा काढून खाल्ला आणि एकच प्रश्न विचारला, "एवढं पानी आनतात कुठून?" सहलीतल्या कोणालाच ते माहीत नव्हतं.

सोन्याच्या बाजारात मात्र त्या जाग्या झाल्या. काचेआड हारांच्या भिंती होत्या. "बाई वं, मार्केटात तूर पडते तसं सोनं पडून हाय इथं!" दुकानातला माणूस केरळचा, त्याचं हिंदी एका तऱ्हेचं, आत्याबाईंचं वऱ्हाडी दुसऱ्या तऱ्हेचं. तरी घासाघीस अडली नाही. भाव बोर्डावर लिहिलेला, तो उतरणार नव्हता. मजुरी मात्र त्यांनी उतरवली. तीन वेळा दुकानातून उठून गेल्या, तीनदा त्याने परत बोलावलं. वजन करताना त्यांनी काट्याला नाक लावलं. "कापसाच्या काट्यावानी तं नाही ना रे?" त्याला काही कळलं नाही, पण त्याने हसून दोघींना ज्यूस मागवला.

भाचीच्या मापाची काचेची बांगडी मी सोबत आणली होती. त्या मापाच्या दोन पाटल्या निवडल्या. पोरगी काडीसारखी, माप लहान. इथूनच घोटाळा सुरू झाला.

कंपनीने आमच्याबरोबर एक टूरवाला दिला होता. गळ्यात पट्टा, बोलणं गोड. त्याने हॉटेलात सगळ्या बायकांना बसवून पढवलं. "ताई, डब्यात ठेवू नका, अंगावर घाला. नवं दिसू देऊ नका. कोणी विचारलं तर म्हणायचं, लग्नातलं आहे." बायकांनी लगेच हळद मागवली आणि नव्या मंगळसूत्रांना, गोफांना चोळायला बसल्या. एकजण तर आपल्या नव्या चपलाहाराला चहाची भुकटी लावत होती. आणि सगळ्याजणी एकमेकींना विचारून सराव करत होत्या, "हे काय?" "लग्नातलं!"

पाटल्या माझ्या हातात शिरेनात. माझी हाडं रुंद. आत्याबाईंचा हात लहान, पण भाचीइतका नाही. मग हाताला प्लास्टिकची पिशवी चढवली, साबण लावला, मी ओढलं, एका बाईने ढकललं, आणि दोन्ही पाटल्या त्यांच्या मनगटांवर जाऊन बसल्या. आत्याबाईंनी डोळ्यातलं पाणी पुसलं आणि हात दिव्याखाली धरून पाहिले. बराच वेळ पाहत होत्या. सराव त्यांनी केला नाही. मला वाटलं, दमल्या असतील.

परतताना विमानात आमच्या शेजारी देऊळगाव राजाकडचा एक पोरगा बसला होता. शारजात एसी दुरुस्तीचं काम करायचा, दोन वर्षांनी घरी चालला होता. गावाकडची बोली ऐकल्याबरोबर आत्याबाईंनी त्याची सगळी खानेसुमारी केली. घरी आई, एक बहीण, थोडी जमीन, त्यातही कपाशीच. "अम्मी फोनवर रडत होती, चाची. यावर्षी येचाले मजूर लावनं परवडत नाही म्हने." मग त्याची नजर पाटल्यांवर गेली. "दुबईच्या?"

"हाव. बायायले दुप्पट माफ असते ना?"

"माफ असते, पन जो बाहर सालभरापेक्षा जास्त राह्यला त्याले. तुम्ही किती राह्यले?"

"पाच दिवस."

तो हसायला लागला, आणि माझा चेहरा पाहून थांबला. शिंपीचाचांचा भाऊ सौदीत बारा वर्षं होता. त्याच्यासाठी जे खरं ते आमच्यासाठी नव्हतं. हे कोणाला सुचलंच नाही. मी समोरच्या रांगेत पाहिलं. हळद लावलेल्या सगळ्या बायका शांत झोपल्या होत्या.

"एक पाटली माह्या माफीच्या हिश्शात टाका, चाची," पोरगा म्हणाला. "मी बाहर नेऊन देतो."

"तुह्या मायसाठी काही घेतलं का नाही?"

"कानातले घेतले."

"मंग तुह्या हिश्शात तेच राहू दे. दुसऱ्याचं सोनं सांभाळू नको." आणि जरा थांबून म्हणाल्या, "अन द्याची म्हटलं तरी काढू कशी?"

खरंच, विमानात हात सुजले होते. पाटल्या रुतून बसल्या होत्या.

मुंबईला उतरलो. सामान घेतल्यावर पुढे कस्टमच्या दोन वाटा. ज्यांना काही सांगायचं नाही त्यांची हिरवी, ज्यांना सांगायचं आहे त्यांची लाल. आमची मंडळी हिरवीकडे वळली. एकेकीने पदर असा ओढला होता की जणू सगळ्यांना एकदम थंडी वाजून आली. टूरवाला छताकडे बघत चालला होता. मी आत्याबाईंचा दंड धरला. त्या जागच्या हलेनात.

"लाल कोन्ती वं?"

"आत्याबाई, चला ना. कोणी विचारत नाही. विचारलं तर लग्नातल्या म्हणा."

"माह्या लग्नात काचेच्या होत्या." त्या हळू बोलल्या, पण मागचा माणूस थांबला. "सासू म्हने, पुढच्या दिवायीले सोन्याच्या करू. दरसाल म्हने. म्हनता म्हनता मेली बिचारी. मंग तुह्या सासऱ्यानं तेच म्हटलं, तेही गेले. जिंदगीभर मी वाट पाह्यली, अन आता त्या काउंटरवरच्या पोरीले सांगू का, लग्नातल्या हायेत म्हनून?"

मी ट्रॉली लाल वाटेकडे फिरवली. टूरवाल्याने लांबून कपाळाला हात लावलेला मला दिसला.

काउंटरवर पांढऱ्या गणवेशातली तरुण बाई होती. आत्याबाईंनी दोन्ही हात तिच्यासमोर ठेवले. "ह्या काल घेतल्या. नातीचं लग्न हाय. काय लागते ते सांग."

ती बाई गोंधळली. बहुतेक तिच्याकडे लोक असं बोलत नसावेत. "आजी, कुठल्या तुम्ही?"

"बुलढान्याच्या. चिखली."

"मी वर्ध्याची," ती म्हणाली, आणि तिचं मराठी एकदम आमच्याकडचं झालं. "पन आजी, वर्ध्याची असली तरी कर घ्याच लागते मले. काढा, वजन करू."

पाटल्या निघेनात. तिने स्वतःचं क्रीम दिलं. एक निघाली. दुसरी ढिम्म. हात धुण्याचा साबण आणवला, दुसरी अधिकारी आली, तिने ओढून पाहिलं. आत्याबाई "आई गं" म्हणाल्या की दोघी सोडून द्यायच्या आणि पुन्हा धरायच्या. शेवटी रांगेतून आवाज आला, "मॅडम, तेल है." आमचा शारजाचा पोरगा. त्याने घरासाठी मोठा टीव्ही आणला होता, त्याचा कर भरायला तोही लाल वाटेतच उभा होता. आईच्या गुडघ्यांसाठी घेतलेला जैतुनाच्या तेलाचा डबा त्याने तिथेच फोडला. धार सोडली, आणि पाटली सुटून थेट अधिकारीबाईच्या कागदांवर पडली. सगळे हसले. ती बाईही हसली, आणि हसत हसत पावती फाडली.

अडीअडचणीला म्हणून यांनी दिलेलं कार्ड मी तिथे घासलं. पाटल्या चिखलीच्या सराफाच्या भावात पडल्या, वर थोडंसं जास्तच. बाहेर येऊन यांना फोन केला. हे दुकानात होते, मागून दोघातिघांचे चढलेले आवाज येत होते. मी सगळं सांगितलं.

"माय कुठं हाय?" हे म्हणाले.

"पाटल्या घालून राह्यल्या परत."

यांना हसू फुटलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसत होते, हे मला नंतर दुकानातल्या माणसाने सांगितलं.

परतीच्या बसमध्ये चपलाहारवाली म्हणाली, "आजी, फुकट भरले पैसे. आम्हाला कोणी हातही लावला नाही."

"बरं झालं," आत्याबाई म्हणाल्या. "तुम्ही घरी जाऊन हयद धुवत बसा. माह्या चमकून राह्यल्या."

घरी आल्यावर भाचीसाठी पाटल्या मागायला मी गेले, तर त्यांनी हात पदरात घेतले. "ह्या माह्या. पोरीले चिखलीतून आन." यांनी सराफाकडून नव्या आणल्या. भाचीला त्याच जास्त आवडल्या. तिच्या मते दुबईची नक्षी जुनाट होती.

पुढचे दोन महिने आत्याबाई दुकानात येऊन बसू लागल्या. बोंडं घेऊन येणारे त्यांच्या हाताकडे बघायचे. एकजण तर तोंडावर म्हणाला, "आजी, आमच्या कपाशीवर दुबई पाह्यली तुम्ही."

"पाह्यली बाबा," त्या म्हणाल्या. "खोटं कायले बोलू? बस, सांगतो."

आणि त्या सांगायच्या, सगळं, क्रीमपासून तेलापर्यंत. काहीजण पोट धरून हसायचे. तो मात्र हसला नाही. चहा घेतला, बोंडं काउंटरवर तशीच ठेवली आणि गेला. ती बोंडं यांनी संध्याकाळपर्यंत फेकली नाहीत.

लग्न बीबी गावात झालं, नणंदेच्या दारात. पंगत साधीच ठेवली होती. त्या वर्षी कोणीच मोठा घाट घातला नाही. आत्याबाई बाह्या वर सारून वाढत होत्या. कोणी पाटल्यांचं विचारलं की बुंदीचा झारा हातात धरून उभ्या राहायच्या आणि सुरुवातीपासून सुरू करायच्या. पानावर बसलेल्यांची बुंदी त्या दिवशी फार उशिरा पोचली.