वाट दाखवणाऱ्यांचं घर

गेल्या उन्हाळ्यात मी एका दिवसात दोनदा मेलो. सकाळी मोगल म्हणून, आणि जेवणानंतर मावळा म्हणून. आमचं गाव वेल्ह्यात, गडाच्या पायथ्याला. त्या गडावर माहितीपट काढायला पुण्याची काही मुलं आली होती. त्यांच्याकडे तलवारी भरपूर होत्या, माणसं कमी. मग गावातली आम्ही पोट सुटलेली मंडळी दोन्ही फौजांत भरती झालो. डोक्याला हिरवं फडकं बांधलं की मोगल, भगवं बांधलं की मावळे. मी जत्रेच्या नाटकांत मुरलेला माणूस. मला मरायला सांगितलं की मी चवीनं मरतो. आधी गुडघे, मग आकाशाकडे नजर, मग एक हात. दिग्दर्शक म्हणजे एक दाढीवाला गोड मुलगा होता. तो म्हणाला, "काका, जरा लवकर मरा ना, ऊन जातंय."

घोडा भोरहून आणला होता. वरातीचा घोडा, आणि त्याच्याबरोबर घोडेवाले चाचा. चाचांनी आधीच बजावलं होतं, "साहेब, ढोल वाजवू नका. त्याला वाजंत्री ऐकली की राहवत नाही." पण लढाई ढोलाशिवाय कशी होणार? ढोल वाजला आणि घोडा नाचायला लागला. पाठीवरचा सरदार, म्हणजे आमच्या गावचा दूध डेअरीवाला, लगाम सोडून मानेला मिठी मारून बसला. पुढे पडद्यावर तेच दृश्य संथ करून दाखवलं, खाली गंभीर संगीत घातलं, आणि अहो, काय सांगू, तो घोडा खरोखर रणात उसळल्यासारखा दिसला. चाचा मात्र बघून म्हणाले, "हा नवरीच्या दारातला नाच आहे. मी शिकवलाय."

मला या माहितीपटांचं वेड आहे. घरी मी ते तोंड बंद ठेवून बघू शकत नाही. पडद्यावर मशाल धरून कुणी धावला की मी विचारतो, हा कोण, आणि याला धावताना पाहिलं कुणी? निवेदक म्हणाला, "त्या रात्री महालात अस्वस्थ शांतता होती," की मी म्हणतो, तू होतास का तिथं कोपऱ्यात? पुस्तकांच्या कपाटासमोर बसलेले जाणकार "असं मानलं जातं" म्हणाले की मी विचारतो, कोण मानतं, त्याला बोलवा. बायको म्हणते, "तुम्ही गप बसलात तर इतिहास लवकर संपेल आणि मला भाजी टाकता येईल."

असो. त्या मुलांनी शेवटच्या दिवशी आमच्या शेजारच्या आबांची मुलाखत घेतली. सगळा घोळ त्या मुलाखतीचा.

आबा म्हणजे ऐंशीकडे झुकलेले, ताठ, आणि गोष्टीच्या बाबतीत अत्यंत हट्टी. त्यांच्या घरात एक गोष्ट चालत आलेली आहे. मोगली फौज गडाखाली आली, त्यांनी आबांच्या एका पूर्वजाला धरलं आणि गडावर जायची वाट विचारली. त्यानं वाट दाखवली. इथं आबा थांबतात. आमच्याकडे गोष्ट सांगणारा मधे थांबतो आणि ऐकणाऱ्यानं "मग?" म्हणायचं असतं. नुसतं ऐकून भागत नाही, हुंकार द्यावा लागतो. कुणी "मग?" म्हटलं नाही तर आबा सरळ उठून गोठ्यात जातात. माझ्या लहानपणी आम्ही पोरं त्यांना छळायला मुद्दाम गप बसायचो आणि गोष्ट अर्धी राहायची. "मग?" म्हटलं की ते डोळे बारीक करून सांगतात: मग त्यानं त्यास्नी आंधळ्या नाळंत घातलं. म्हणजे त्या घळीत, जी वर जाऊन कड्याला भिडते आणि पुढे वाटच नाही. फौज वर चढून अडकली, आणि वरून गडकऱ्यांनी दगड सोडले. पूर्वज अर्थातच जिवंत राहिला नाही.

त्या दिवशी मी आवाजवाल्या मुलाच्या मागे उभा होतो. त्यानं आधीच ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना दटावलं होतं. कुणी खोकायचं नाही, कोंबडी हाकलायची नाही, हूं करायचं नाही. आबा बोलले, "मंग माज्या खापरपणज्याच्या बी खापरपणज्यानं त्यास्नी वाट दावली." आणि थांबले. वारा वाहत होता. आबा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. कुणी काही म्हणेना. मी ओठ आवळून उभा, कारण मला दम दिला होता. बराच वेळ गेल्यावर दिग्दर्शक हलक्या आवाजात म्हणाला, "कट. अप्रतिम." आबा उठून गोठ्यात गेले. मला वाटलं, उरलेलं नंतर घेतील. त्या मुलांना वाटलं, गोष्ट संपली.

दिवाळीच्या सुमाराला माहितीपट आला. ग्रामपंचायतीच्या सभागृहात, संध्याकाळी भिंतीवर पांढरी चादर लावून आम्ही सगळ्यांनी मिळून तो बघितला. सुरुवातीला मौजच. खोऱ्यावरून ड्रोन फिरला आणि खाली जागोजाग धूर उठलेला दिसला. निवेदक धीरगंभीर आवाजात म्हणाला, "शत्रूनं गावंच्या गावं पेटवली." तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "अगं बया, ह्यो तर आमचा राब." आणि खरंच की. भाताच्या रोपांसाठी वैशाखात आम्ही पालापाचोळा आणि शेण घालून जमीन भाजतो, तोच तो धूर. मग लोक ओरडून आपापला राब ओळखायला लागले. "त्यो कडंचा माजा." "तुजा कुठला, तुजा तर पेटलाच न्हाई औंदा." जळणारा मुलूख बघून एवढं हसलेलं गाव दुसरं नसेल.

आणि मग आबा आले. भिंतभर त्यांचा चेहरा, सुरकुत्या अशा की हात लावावा. निवेदक म्हणाला, "पण घात बाहेरून झाला नव्हता." आबा म्हणाले, त्यांच्या पूर्वजानं वाट दावली. आणि थांबले. पुढची ती सगळी शांतता तशीच ठेवली होती. वारा, मागे घिरट्या घालणारी घार, आणि खाली सारंगीसारखं काहीतरी रडत होतं. आबांची ती "मग?"ची वाट बघणारी नजर पडद्यावर चक्क शरमेनं झुकलेल्या माणसाची वाटत होती. मग पुन्हा राबांचा धूर.

आबा खुर्चीतून म्हणाले, "फुडचं?" पुढचं नव्हतं.

गावात याचं कुणी फारसं मनावर घेतलं नसतं. आमच्या सगळ्यांना पुढचं पाठ आहे. पण आबांच्या नातीचं लग्न ठरत आलं होतं. तिचे वडील ती लहान असतानाच गेले, म्हणून बापाच्या जागी आबाच. मुलगी नसरापूरला औषधांच्या दुकानात कामाला जाते. मुलगा भोंगवलीचा. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, फक्त आम्हाला माहीत नाही असं त्यांना वाटत होतं. सुपारी फुटली होती, तारीख काढायची राहिली होती. माहितीपट आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन आला. म्हणाले, "आबा, आमी जरा इचार करतो." लग्नाच्या बोलण्यात याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. त्यांच्या भावकीतल्या कुणीतरी मोबाईलवर ते दृश्य सगळ्यांना पाठवलं होतं, खाली लिहिलं होतं: फितुरांच्या घरात सोयरीक करताय व्हय?

मी दिग्दर्शकाला फोन लावला. तो बिचारा खरोखर हादरला. "काका, आजोबा थांबले, आम्हाला वाटलं एवढंच आहे. आणि त्या शांततेत काय ताकद होती." मी म्हटलं, "ताकद नव्हती रे, ते तुझी वाट बघत होते." त्यानं माहितीपटाखाली खुलासा लिहितो म्हणून सांगितलं. लिहिलाही. पण खुलाशाला सारंगी नसते.

मग ठरलं की भोंगवलीला जाऊन समोरासमोर बोलायचं. आबा, मी आणि माझी जुनी गाडी. निघताना नात दारात आली. गेला आठवडाभर तिचा मोबाईल पालथा पडलेला असायचा. ती आबांना म्हणाली, "तिथं हात जोडू नका. इचारतील ते सांगा. मोडलं तर मोडलं." असं म्हणून तिनं आबांची टोपी सरळ केली, आणि मी बघतोय म्हटल्यावर उगाच माझ्या गाडीची काच पुसली.

भोंगवलीत मुलाचे वडील ओसरीवर बसले होते. जाडजूड, पॉलिश केलेले बूट, साखर कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर असावेत असा चेहरा. प्रत्यक्षात त्यांचं खतांचं दुकान होतं. शेजारी त्यांची थोरली बहीण, म्हणजे मुलाची आत्या, शेंगा फोडत होती. चहा आला, पण बिस्किटं आली नाहीत. यावरून मी हवामान ओळखलं.

मी तयारीनं गेलो होतो. मोबाईलवर माहितीपट लावला आणि एकेक जागा थांबवून दाखवायला सुरुवात केली. "हा मोगल बघा. आता हा मावळा बघा. दोन्ही मीच." ते म्हणाले, "दिसतंय." "हा घोडा वरातीचा आहे. ही जळती गावं म्हणजे आमचे भाताचे राब." आत्या पुढे सरकून बघायला लागल्या. "व्हय की रं, राबच हायेत. आपल्याकडं बी असंच भाजतात." पण मुलाच्या वडिलांनी सरळ मुद्द्यावर बोट ठेवलं. "घोडा खोटा, धूर खोटा, समदं मान्य. पर हे तोंड आबांचंच हाय न्हवं? आन शब्द बी त्यांचेच."

आबा म्हणाले, "माजेच हायेत." आणि त्यांनी तिथल्या तिथे गोष्ट सांगायला घेतली. फौज आली, पूर्वजाला धरलं, त्यानं वाट दावली. आणि थांबले.

माझ्या जिभेवर तो शब्द आला होता. पण मी तो दाबला. मी म्हटला असता तर तो आमच्याच बाजूचा झाला असता. मुलाचे वडील हाताची घडी घालून गप. आबा उठतील या भीतीनं मी त्यांच्या धोतराचा सोगा धरून ठेवला. शेवटी आत्यांनी शेंग फोडता फोडता विचारलं, "मंग?"

मग काय. आबांनी आंधळी नाळ अशी उभी केली की मला दगड अंगावर आल्यासारखे वाटले. आत्यांच्या शेंगा तशाच राहिल्या. गोष्ट संपली तेव्हा त्या भावाला म्हणाल्या, "ऐकलंस का?"

पण तो गडी माझ्यासारखाच निघाला. म्हणाला, "ऐकलं. पर हे खरं कशावरनं? कुठं लिवलंय?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी छपराकडे. आयुष्यभर टीव्हीला विचारत आलेला प्रश्न माझ्या बाजूच्या माणसाला कुणी विचारला की कसं वाटतं ते मला तेव्हा समजलं. आबा म्हणाले, "कुठं लिवल्यालं न्हाई. माज्या आज्यानं सांगितलं, त्याला त्याच्या बापानं. म्या काय तवा नव्हतो."

"मंग तुमच्यात आन त्या फिल्मवाल्यात फरक काय ऱ्हायला?"

"म्या तुमच्याम्होरं बसलोय की. इचारा अजून."

आत्या फिसकन हसल्या. मुलाचे वडील हसले नाहीत, पण बिस्किटं आली. जरा वेळानं ते म्हणाले, "ती नाळ हाय का अजून? मला बगायची हाय. मंग ठरवू."

पुढच्या रविवारी ते मुलाला घेऊन आमच्याकडे आले, त्याच पॉलिश केलेल्या बुटांत. आबा, मी, मुलगा, मुलाचे वडील, आणि "पाणी कोण नेणार" या सबबीवर नात, असे आम्ही करवंदीच्या जाळ्यांतून नाळेच्या तोंडाशी पोचलो. दोन्हीकडे उभा कातळ, मधे सांडलेले धोंडे, वर कडा. आबांनी हात पसरून म्हटलं, "ही बगा. वर वाट न्हाई."

तेवढ्यात वरून दगड घरंगळत आले. मागोमाग एक शेळी, मग अख्खा कळप, आणि त्यांच्या मागे एक बाई, डोक्यावर सरपणाची मोळी, आरामात नाळ उतरत आली.

आबा जागच्या जागी बसले. नातीनं पाण्याची बाटली घट्ट धरली. मुलाचे वडील सावकाश वळून म्हणाले, "आबा, ह्या कुठनं आल्या?"

बाई थांबली. मुलाच्या वडिलांनीच तिला विचारलं, "वरनं वाट हाय का?"

"वाट कसली. शेरडास्नी जमतं, आन मला सवय हाय." त्यांच्या बुटांकडे बघत ती म्हणाली, "तुमाला न्हाई जमायचं."

हे त्यांना लागलं. खतांच्या दुकानाचा मालक, होणाऱ्या सुनेसमोर. त्यांनी पँट जरा वर ओढली आणि चढायला सुरुवात केली. सुरुवातीचे धोंडे झोकात गेले. मग कातळाला एक चीर आली, तिथं त्यांनी एक पाय घातला, दुसऱ्याला जागा सापडेना, आणि ते तिथं पोटाशी दगड धरून चिकटून राहिले. ना वर, ना खाली. बूट कातळावर नुसते घसरत होते. वरून शेवटची शेळी त्यांच्या खांद्याजवळून उडी मारून निघून गेली. मुलगा आणि नात दोघं धावत वर चढले. त्यानं एक पाय धरला, तिनं दुसरा, आणि "डावा इथं ठेवा, मामा... न्हाई, तो डावा" असं करत त्यांनी त्यांना उतरवलं.

खाली आल्यावर ते बराच वेळ एका धोंड्यावर बसून धापा टाकत होते. तळहात सोलले होते. मग कड्याकडे बघत म्हणाले, "हत्यारं, चिलखतं घिऊन चढायचं म्हंजी... मेलीच आसतील."

आता इथं मला फार बोलायचं होतं. आजच्या काळातला एक जाडा माणूस बुटांत अडकला म्हणून तेव्हाची फौज अडकली असं होत नाही. फौजेत डोंगरातले लोकही असतील. शिवाय नाळ ढासळून बदललीही असेल. पुरावा म्हणून हा माणूस वरातीच्या घोड्यापेक्षा फारसा बरा नव्हता. पण नात त्यांच्या तळहातावर पाणी ओतत होती, आणि मुलगा उगाचच तीच बाटली धरून तिला मदत करत होता.

मुलाच्या वडिलांनी रुमालानं हात पुसले आणि आबांना विचारलं, "माघात धरायची का तारीख?"

आबा बोटांवर महिने मोजायला लागले. म्हणून मीच सांगितलं, चालेल.